चौथा पडदा

टेबलाखाली हात घातला आणि वायरबाईच्या बोटांना काहीतरी मऊ, ओलसर लागलं. तिने झटकन हात मागे घेतला आणि मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. च्युइंगम. कालपरवाचंसुद्धा नाही, आजचंच. त्यावर दातांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

"शी!"

"काय झालं, ताई?" वरून साहेबांचा आवाज आला.

"काही नाही. सॉकेट शोधतेय."

टेबलाखाली ती एकटी नव्हती, साहेबांचे पायही होते. बूट काढून बाजूला सारलेले, मोजे अर्धे उतरवलेले, आणि एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाजवत होता. पन्नाशी उलटलेली एक बाई खाली गुडघ्यांवर रांगते आहे, तर आपण खुर्ची जराशी मागे घ्यावी, एवढं काही त्या पायांच्या मालकाला सुचलं नव्हतं. वायरबाईने श्वास रोखून प्लग बसवला, वायर टेबलाच्या पायाला पट्टीने घट्ट बांधली आणि आली तशीच मागच्या मागे रांगत बाहेर पडली.

सव्वीस वर्षं ती या कंपनीत हेच करत आली होती. इतर कंपन्यांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं देणं हा इथला धंदा. पंखा घरघरतो, खोकं फुटून आलं, डाव्या पायाचे दोन बूट पाठवलेत, अशी शिव्यांनी भरलेली पत्रं यायची आणि 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं लिहायला इथे एकेचाळीस माणसं होती. निम्मी ऑफिसात बसायची, निम्मी घरून काम करायची. या सगळ्यांचे संगणक, पडदे आणि वायरी बघायला एकटी ती. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी ती वायरबाई. ती कामाला लागली तेव्हा एकेक मॉनिटर धान्याच्या पोत्यासारखा जड असे. ते उचलून उचलून तिची कंबर गेली. पुढे पडदे पातळ झाले, पण कंबर काही परत आली नाही.

माणूस टेबलावर दिसतो तसा टेबलाखाली नसतो, हे तिला या नोकरीत कळलेलं शहाणपण. वर कोट घालून बसणारा माणूस खाली नखं कुरतडून टाकतो. कुणाच्या पायाशी बिस्किटांचा चुरा आणि त्यावर मुंग्यांची रांग. कुणाच्या खुर्चीच्या चाकांत केसांची गुंतवळ. नाकात बोट घालून ते टेबलाच्या खालच्या अंगाला पुसणारे दोघं जण तिला पक्के ठाऊक होते, आणि त्यांतला एक रोज सकाळी आल्या आल्या सगळ्यांशी हात मिळवायचा. तिला या सगळ्याची किळस यायची, आणि सव्वीस वर्षांत ती कमी झाली नव्हती. "आमच्या राणीसाहेबांचं राज्य टेबलाखाली आहे, आणि प्रजा गलिच्छ आहे," असं तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा. तीही हसायची. पण कुणाच्या टेबलाखाली काय सापडलं, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते आपलं काम नव्हे, असं ती समजे.

आजचं काम साहेबांच्या खोलीत होतं. साहेब नवे होते, येऊन चार महिने झालेले, वय पस्तिशीच्या आतबाहेर. सकाळी त्यांनी तिला बोलावून भिंतीकडे बोट दाखवलं होतं.

"ताई, इथे चार पडदे. दोन वर, दोन खाली. माझ्या लॅपटॉपला जोडायचे. उद्या अकरा वाजता मोठे साहेब येतायत, त्यांना दाखवायचंय."

"साहेब, हा लॅपटॉप बाहेरचे दोनच पडदे चालवतो. तिसरा लावला की त्यावर दुसऱ्याचीच नक्कल दिसते."

"म्हणजे होणार नाही?"

"नाही कशाला? होईल. जादा पडद्यांसाठी मध्ये एकेक डबी लावावी लागते आणि तिचं सॉफ्टवेअर घालावं लागतं. आपल्याकडे आहेत दोन. फक्त वेळ लागेल."

"मला ते डबीबिबी समजावू नका हो. मला चार पडदे दिसले पाहिजेत."

पहिले दोन पडदे दुपारपर्यंत लागले. तिसऱ्याने तिने म्हटल्याप्रमाणे दुसऱ्याची नक्कल करून दाखवली. मग तिने कपाटातली डबी आणली, सॉफ्टवेअर घातलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, आणि तिसरा पडदा एकदा निळा होऊन स्वतःचं चित्र दाखवू लागला. पण सरकवलेला माउस वरच्या डाव्या पडद्यातून निघून भलतीकडेच, खालच्या उजव्या पडद्यात उगवत होता.

"हे काय, उंदीर पळतोय का बिळात?" साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले.

"पडद्यांचे नंबर भिंतीप्रमाणे लावायचे राहिलेत." तिने सेटिंग उघडून चौकोन ओढून जागच्या जागी आणले. आता माउस एका पडद्याच्या कडेवरून दुसऱ्यात असा सरळ गेला, की मध्ये भिंत आहे हे कळूसुद्धा नये. असं काही जमलं की तिला आतून बरं वाटायचं. त्या दिवसातलं तिचं बरं वाटणं तेवढंच.

"आता बघा गंमत," साहेब म्हणाले. त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला, एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि एक प्रोग्रॅम उघडला.

तिन्ही पडद्यांवर चौकोन पसरले. प्रत्येक चौकोनात एक चेहरा. खाली एक पट्टी, हिरवी किंवा लाल. वायरबाईला आधी वाटलं, ओळखपत्रांचे फोटो असतील. मग तिने नीट पाहिलं. बाहेर खिडकीजवळ बसणारी जाड भिंगांची मुलगी जांभई देत होती. हात मिळवणारे गृहस्थ नाकात बोट घालून बसले होते. कुणाच्या मांडीवर मूल होतं, कुणी डोळे पुसत होतं. एक जण घरी बनियनवर बसला होता.

"दर पाच मिनिटांनी एक फोटो," साहेब तोंडातला घास इकडून तिकडे करत म्हणाले. "आपोआप. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून. कॅमेऱ्याशेजारचा दिवासुद्धा पेटत नाही. हिरवं म्हणजे कामात, लाल म्हणजे गायब. एकेचाळीस माणसं आहेत, एका पडद्यावर मावत नाहीत, म्हणून चार हवेत."

"पण... हे त्यांच्या लॅपटॉपमध्ये कुणी घातलं?"

साहेब खळखळून हसले. बिस्किटाचा ओला चुरा की-बोर्डवर उडाला. "कुणी म्हणजे? तुम्हीच घातलंत की, ताई! गेल्या महिन्यात. ते सुरक्षेचं अपडेट नव्हतं का?"

वायरबाईने त्या चौकोनांकडे पुन्हा एकदा पाहिलं.

तिला आठवलं. साहेबांनी पेनड्राइव्ह दिला होता आणि सुरक्षेचं आहे, सगळीकडे टाका, म्हणून सांगितलं होतं. ती टेबलाटेबलापाशी गेली होती. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप एक दिवस मागवून घेतले होते. 'काय आहे गं हे?' असं जो तो विचारत होता आणि ती प्रत्येकाला सांगत होती, 'काही नाही, सुरक्षेचं आहे.' पडद्यावर बारीक अक्षरांत पानभर मजकूर यायचा आणि खाली 'मान्य आहे' असं बटण. ते तिने एकेचाळीस वेळा दाबलं होतं. एकदाही वाचलं नव्हतं.

"हे बघा, हे बघा." साहेबांनी तिसऱ्या पडद्यावरचा एक चौकोन मोठा केला. "वीस मिनिटं झाली, बाई जागेवर नाहीत."

तो चौकोन मावशीचा होता. मावशी म्हणजे ऑफिसातली सगळ्यांत जुनी लेखनिक, वायरबाईच्या बरोबरीने नोकरीला लागलेली. नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून दोन वर्षं ती घरून काम करत होती. अत्यंत चिडलेल्या माणसाची तक्रार आली की ती हमखास मावशीकडे जायची. मावशीचं उत्तर वाचून लोक उलट आभाराची पत्रं पाठवायचे.

फोटोत खुर्ची रिकामी होती. मागे खाट होती. खाटेवर मावशीचा नवरा कुशीवर वळवलेला, कमरेखाली उघडा. मावशी बाह्या वर सारून, ओठ घट्ट मिटून त्याला पुसत होती. खाली भांडं. नवऱ्याचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं आणि डोळे उघडे होते.

साहेबांनी बाण दाबला. आधीचा फोटो आला. त्याच्या आधीचा. त्याच्याही आधीचा.

"ईऽऽ," साहेबांनी तोंड वेडंवाकडं केलं, पण चौकोन काही लहान केला नाही. उलट खुर्चीतून पुढे वाकून नीट पाहिलं. मग दाराकडे वळून हाक मारली, "मॅडम, जरा या इकडे. काय चाललंय बघा ऑफिसच्या वेळात!"

एचआरच्या मॅडम आल्या. "अगंबाई!" म्हणून त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि बोटांच्या फटीतून पुन्हा पाहिलं. "बिचारी. पण रजा टाकायला हवी ना अशा वेळी? नोंद करून ठेवते मी."

साहेबांनी आणखी एक बिस्कीट उचललं. दोन बोटांनी कडा धरून, चहात बुडवून, मऊ झालेला भाग चोखत ते पडद्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांत टेबलाखाली जे जे हाताला लागलं होतं, ते सगळं एकत्र केलं तरी इतकी शिसारी आली नसती, असं वायरबाईला झालं.

"चौथ्याची डबी आणते," ती कशीबशी म्हणाली आणि बाहेर पडली.

सामानाच्या खोलीत जाऊन तिने दार लावलं आणि फोन केला.

"मावशी, मी बोलतेय. आधी एक कर. लॅपटॉपच्या वर मधोमध काचेचा बारीक ठिपका आहे बघ, तो कॅमेरा. त्याच्यावर कागद चिकटव. आत्ताच्या आत्ता."

"का गं? बिघडलाय का?"

वायरबाईने सांगितलं. काहीही आडपडदा न ठेवता, काय बघितलं तेही सांगितलं. पलीकडून कागद फाटल्याचा आवाज आला, मग चिकटपट्टीचा.

"किती दिवस चालू होतं?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे," मावशी म्हणाली. "रोज दोनदा पुसते मी त्यांना."

"मावशी, मला खरंच माहीत..."

"तू बसवलंस ना ते? माझा लॅपटॉप तूच घेऊन गेली होतीस."

"हो. मीच."

फोन बंद झाला.

वायरबाई खोक्यांच्या ढिगावर बसली. चौथा पडदा लावूच नये, डबी फुटली म्हणून सांगावं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण त्याने काय झालं असतं? बाहेरून दुसरा कुणी आला असता आणि तासाभरात जोडून गेला असता. फोटो निघायचे ते निघतच राहिले असते. आणि जे होण्यासारखं आहे त्याला 'होत नाही' असं तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं. ती उठली, डबी घेतली आणि पाच वाजेपर्यंत चौथा पडदा लावून मोकळी झाली. चारही पडद्यांचा रंग, उजेड, अक्षरांचा आकार तिने एकसारखा करून दिला. वायरी भिंतीच्या पट्टीत अशा बसवल्या, की एकही दिसू नये. आपली बोटं हे सगळं किती सराईतपणे करतायत, हे पाहून तिला आपल्याच बोटांची किळस आली.

"व्वा!" साहेब म्हणाले. "एक नंबर काम, ताई."

घरी तिने ताट पुढे घेतलं आणि तसंच बाजूला सारलं. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. तो समोर खुर्ची ओढून बसला.

"काय झालंय? टेबलाखाली पाल निघाली का?"

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"काढून टाक ना मग सगळीकडून. ऑफिसच्या किल्ल्या तुझ्याच हातात असतात."

"अहो, काढलं तर बाहेरचा माणूस आणून परत घालतील. आणि लोकांना पत्ताच लागणार नाही. लोकांना आधी कळायला पाहिजे."

"मी एकतीस वर्षं आरशातून मागच्या माणसांना बघत होतो," तो म्हणाला. "भांडणारी बघितली, रडणारी बघितली. पण आरसा कुठे आहे ते सगळ्यांना दिसत होतं गं."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल ना," तो म्हणाला. 'जाऊ दे' असं काही तो म्हणाला नाही. त्याने तिचं ताट उचलून झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. घरून काम करणाऱ्यांना तिने एकेक करून फोन लावले. मग जसजशी माणसं येत गेली तसतशी ती एकेका टेबलापाशी जाऊन उभी राहिली. आज ती खाली वाकली नाही.

"गेल्या महिन्यात मी सुरक्षेचं म्हणून जे घातलं, ते सुरक्षेचं नव्हतं. दर पाच मिनिटांनी तुमचा फोटो साहेबांच्या खोलीत दिसतो. मी न वाचता घातलं. चूक माझी आहे."

एकेचाळीस वेळा 'मान्य आहे' दाबायला तिला दोन दिवस लागले होते. हे बोलायला दोन तासही लागले नाहीत. कुणी हसलं. "बघू देत की, माझं थोबाड बघून त्यांचंच जेवण जाईल." जाड भिंगांची मुलगी उठून स्वच्छतागृहात गेली आणि डोळे लाल करून परत आली. हात मिळवणाऱ्या गृहस्थांनी ताबडतोब रुमाल काढून नाक पुसलं. एक जण हळूच म्हणाला, "मला सांगितलंत हे कुणाला कळू देऊ नका हं." आणि पत्रं तपासणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघत सरळच विचारलं, "आपण काय घालतोय ते आधी बघायची पद्धत नाही का तुझी? आम्ही तुझ्या भरवशावर होतो."

ती पुढच्या टेबलाकडे गेली.

अकरा वाजता मोठे साहेब आले. पांढरे केस, हळू आवाज, हातात काही नाही. साहेबांनी खिडक्यांचे पडदे ओढून अंधार केला, वायरबाईला काही अडलंच तर म्हणून दाराशी उभं केलं, आणि कळ दाबली.

चारही पडदे लखलखीत उजळले. एकेचाळीस चौकोन. एकात पिवळा कागद. एकात जखमेवर लावतात ती पट्टी, तिची छिद्रंसुद्धा मोजता येतील इतकी स्पष्ट. एकात फळावरचा गोल कागद. एकात कुणाचा तरी अंगठा, बहुतेक दुसरं काही सापडलं नसावं. कागद, कागद, काळं, करडं. चार चौकोनांत मात्र चेहरे होते. भांग पाडून, कॉलर नीट करून, कॅमेऱ्याकडे बघून मंद हसणारे. त्यांच्याखाली हिरव्या पट्ट्या होत्या.

"हे काय आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"काहीतरी तांत्रिक... ताई! बघा जरा, काय झालंय?"

"जोडणीत काही बिघाड नाही, साहेब," वायरबाई म्हणाली. "चारही पडदे नीट चालू आहेत. लोकांनी कॅमेऱ्यावर कागद लावलेत. मी सांगितलं त्यांना."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. दातांत बिस्कीट अडकलेलं दिसत होतं. तिला वाटलं, आता मोठे साहेब काहीतरी बोलतील. माणूस वयाने मोठा आहे, घरीदारी आजारपणं पाहिलेला असेल. मोठे साहेब बोललेही. शांतपणे साहेबांकडे वळून त्यांनी विचारलं,

"कॅमेरा झाकला तर त्या वेळेची गैरहजेरी लावता येते का यात?"

"येते, सर. सेटिंग आहे."

"मग ते चालू करा." आणि वायरबाईकडे न बघता ते म्हणाले, "यांच्याकडून किल्ल्या घ्या."

तिने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. साहेबांनी तो चिमटीत धरून ड्रॉवरमध्ये टाकला, मेलेलं झुरळ टाकावं तसा. दहा मिनिटांत एचआरच्या मॅडमनी तिला नोकरी संपल्याचा कागद सहीला दिला. या वेळी ती खुर्चीत बसली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून मग तिने सही केली. मॅडम घड्याळ बघत होत्या.

पुढचं तिला फाटकावरच्या वॉचमनकडून कळलं. तीन दिवसांत एकेक करून सगळे कागद निघाले. चौथ्या दिवशी चारही पडद्यांवर चेहरेच चेहरे होते. 'वायरबाईमुळे साहेब जास्तच कडक झाले' असं काही जण म्हणू लागले. एकट्या मावशीने काम सोडलं होतं. तिने लॅपटॉप खोक्यात घालून पाठवून दिला होता. वायर नीट गुंडाळलेली, पडदा पुसलेला, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी तशीच. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

आठ दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला वायरबाई मावशीच्या दारात उभी राहिली. काय बोलायचं ते तिने वाटेत तीनदा जुळवलं होतं.

मावशीने दार उघडलं. तिच्याकडे बघितलं.

"या," मावशी म्हणाली.

सव्वीस वर्षं ती 'ये गं' म्हणत आली होती.

"मी एवढंच सांगायला आले होते की..."

"त्यांना सांगितलेलं नाही मी," मावशी हळू आवाजात म्हणाली. "त्या फोटोंचं. त्यांच्यासमोर तो विषय काढू नका."

म्हणजे वाटेत जुळवलेलं सगळं तोंडातच ठेवायचं होतं. घर लहान होतं, दारातून बोललेलं खाटेपर्यंत ऐकू जात होतं. वायरबाई चपला काढून आत आली. खोलीत औषधांचा, साबणाचा आणि त्यांखाली दबून राहिलेला आणखी एक वास होता. फोटोला वास नव्हता.

"आलाच आहात तर हात लावा जरा," मावशी बाह्या वर सारत म्हणाली. "चादर बदलायची आहे. माझा खांदा दुखतोय, एकटीने वळवता येत नाहीत हल्ली. त्या बाजूने धरा. काखेत हात घाला. हं, असं. ओढू नका, उचला."

वायरबाईने धरलं. त्याचं अंग घामाने ओलं आणि अपेक्षेपेक्षा फार जड होतं. चादर भिजलेली होती. तिला उमासा आला, तो तिने गिळला आणि हात सोडले नाहीत. खाटेवरच्या माणसाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ एका बाजूने हलले.

"को... ण?"

"ऑफिसातल्या बाई आहेत," मावशी म्हणाली. "वायरींचं काम बघतात."

त्याने एक हात, जो चालत होता तो, हळूहळू खाली नेला, पांघरूण चिमटीत पकडलं आणि जेवढं वर ओढता येईल तेवढं ओढून घेतलं. वायरबाईने नजर भिंतीकडे वळवली आणि त्याचं ओढून होईपर्यंत तिथेच ठेवली.

मग दोघींनी मिळून ओली चादर काढली, कोरडी घातली. मावशी तिकडून ओढत होती, ती इकडून. एकही सुरकुती राहिली नाही. वायरबाईने आपल्या बाजूचा कोपरा चापूनचोपून गादीखाली दुमडला.

"झालं," मावशी म्हणाली. "बरं झालं आलात."

वायरबाई दाराशी जाऊन चपला घालू लागली. मागे खाट करकरली म्हणून तिने वळून पाहिलं. मावशी खाटेला वळसा घालून या बाजूला आली होती. तिने तो कोपरा गादीखालून उपसून काढला, एकदा झटकला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा नीट दुमडायला लागली.